करड्या किटमधली गोळी खान्देशात अजून चालते का?

प्रति,
मा. प्रकल्प संचालक, महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, मुंबई
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, धुळे, जळगाव व नंदुरबार
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, तिन्ही जिल्हे

विषय : परम्याच्या (गनोरियाच्या) जंतूवर कोणते औषध चालते याची खान्देशात नियमित तपासणी सुरू करण्याबाबत.

महोदय/महोदया,

लघवीच्या जागेतून पू येतो म्हणून आपल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे सरकारी गुप्तरोग दवाखान्यात, आलेल्या माणसाला करड्या रंगाचे एक नंबरचे किट मिळते. त्यात ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम. एकदाच घ्यायचे, शक्यतो समुपदेशकासमोरच. या किटला माझा विरोध नाही. मला एवढेच विचारायचे आहे की धुळे, जळगाव आणि नंदुरबारमध्ये आज जो परमा फिरतो आहे, त्यातला किती सेफिक्झिमला दाद देतो? हा आकडा आपल्यापैकी कुणाच्या फाइलमध्ये असेल तर तो जाहीर करावा. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्वचा व गुप्तरोगाची प्रॅक्टिस करतो. माझ्या टेबलापर्यंत तो कधी आलेला नाही.

लक्षणांवरून उपचार करण्याच्या पद्धतीत शहाणपण आहे हे मी मान्य करतो. ग्रामीण रुग्णालयात मायक्रोस्कोप असतो तर तंत्रज्ञाची जागा रिकामी असते. रिपोर्टची वाट बघायला लावले तर हा रुग्ण पुन्हा तोंड दाखवत नाही. लाजेने अर्धमेला होऊन एकदा आलेला असतो तेच खूप. म्हणून पहिल्याच भेटीत औषध पोटात गेले पाहिजे. पण औषध चालते हे या पद्धतीने गृहीत धरलेले आहे, आणि ते गृहीत कुणीतरी, कुठेतरी, ठरावीक काळाने तपासत राहिले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक रुग्णाचे कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून तपासणे, करावे लागत नाही. निवडक नमुन्यांवर भागते.

परम्याच्या बाबतीत हे इतक्या निकडीने का म्हणतो, ते त्याच्या इतिहासावरून कळेल. आल्बर्ट नायसर यांनी १८७९ साली हा जंतू दाखवला. १९३० च्या दशकात सल्फाची औषधे आली आणि दहाएक वर्षांत निकामी झाली. मग पेनिसिलिन आले. पुढची तीस वर्षे डॉक्टर डोस वाढवत गेले, तो १९७० च्या दशकात ४८ लाख युनिटपर्यंत पोहोचला, आणि १९७६ मध्ये पेनिसिलिन मोडून टाकणारे एन्झाइम स्वतःच बनवणारे परम्याचे जंतू सापडले. त्यानंतर टेट्रासायक्लिन गेले. सिप्रोफ्लॉक्सासिन अमेरिकेने २००७ मध्ये परम्याच्या उपचारातून काढले. सेफिक्झिमला तिथे २०१२ मध्ये पहिल्या पसंतीवरून खाली उतरवले. २०२० मध्ये ॲझिथ्रोमायसिनची जोडही सोडली आणि एकट्या सेफ्ट्रिॲक्सोनच्या इंजेक्शनवर आले. याउलट गरमीचा (सिफिलिसचा) जंतू बघा, तो पेनिसिलिनला आजही मुकाट्याने मरतो. दोन्ही रोग एकाच वाटेने येतात, पण औषधाच्या बाबतीत त्यांचे वागणे अगदी वेगळे.

परम्याच्या जंतूला आजूबाजूच्या जंतूंच्या जनुकांचे तुकडे उचलून आपल्यात जोडून घ्यायची खोड आहे. माणसाच्या घशात त्याच्याच कुळातले निरुपद्रवी जंतू कायम मुक्कामाला असतात. आपण सर्दी-खोकल्याला, साध्या तापाला, घसा खवखवला म्हणून ज्या ॲझिथ्रो आणि सेफिक्झिमच्या पट्ट्या खातो, त्यांचा मारा हे बिचारे वर्षानुवर्षे सोसतात आणि त्यांच्यातले टिकाऊ तेवढे उरतात. घशातला परमा बहुतेक वेळा काही त्रास देत नाही, त्यामुळे तो तिथे निवांत बसून त्यांच्याकडून तुकडे उचलतो. सेफिक्झिम आणि सेफ्ट्रिॲक्सोनला हुलकावणी देणारे जे जनुक जगभर चर्चेत आहे, ते अशाच उसन्या तुकड्यांनी बनलेले आहे. म्हणजे मेडिकलमधून खोकल्यासाठी न विचारता दिलेली पट्टी आणि माझ्याकडे येणारा परम्याचा रुग्ण यांचा संबंध आहे, दोघांनाही तो माहीत नसला तरी.

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेले आकडे आपण पाहिलेच असतील. परम्याच्या औषधांवर बारकाईने नजर ठेवणाऱ्या १२ देशांचे ते आकडे आहेत आणि त्या देशांत भारतही आहे. २०२२ ते २०२४ या काळात सेफिक्झिमला दाद न देणाऱ्या जंतूंचे प्रमाण १.७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर गेले. सेफ्ट्रिॲक्सोनचे ०.८ वरून ५ वर. सिप्रोफ्लॉक्सासिनचे ९५ टक्के, म्हणजे ते औषध संपलेच. एखाद्या औषधाला ५ टक्के जंतू दाद देईनासे झाले की ते पहिल्या पसंतीचे औषध म्हणून बदलावे, असा याच संघटनेचा जुना दंडक आहे. त्या हिशेबाने आपल्या करड्या किटमधली सेफिक्झिम या १२ देशांच्या एकत्रित आकड्यात आजच रेषेच्या पलीकडे आहे.

पण १२ देशांचा आकडा हा खान्देशाचा आकडा नव्हे. हे प्रमाण वाढवण्यात कंबोडिया आणि व्हिएतनामचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे परिस्थिती कदाचित पुष्कळ बरी असेल, कदाचित नसेल. दिल्ली-मुंबईचे आकडे आणून इथे चिकटवण्यातही अर्थ नाही, कारण आपल्या भागाची भौगोलिक गंमत वेगळी आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. भुसावळला देशाच्या चारी दिशांच्या गाड्या थांबतात. रावेर-यावलची केळी ट्रकने उत्तरेत जातात आणि ट्रक रिकामे परत येत नाहीत. सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये अर्धा खान्देश राहतो म्हटले तरी चालेल. दिवाळी झाली की सातपुड्याच्या पाड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीला, कपाशीला, बांधकामावर गुजरातेत उतरतात आणि होळीला परततात. स्थलांतर हा काही रोग नाही, आणि मी कुणाकडे बोटही दाखवत नाही. पण जंतूला तालुक्याची हद्द कळत नाही. इथे सुरतेचा, इंदूरचा आणि मुंबईचा परमा एकत्र भेटतो. तो कोणता आहे हे मुंबईत बसून समजणार नाही.

आता आमच्या दवाखान्यात काय होते ते सांगतो. पंचविशीतला एक पोरगा येतो, खुर्चीवर अर्धाच टेकतो आणि म्हणतो, "डाक्टर, लघवीले आग व्हस." आठवड्यापूर्वी किट घेऊन गेलेला असतो. पू कमी झाला होता, पुन्हा सुरू झाला. याचा अर्थ काय घ्यायचा? कदाचित त्याने गोळ्या पूर्ण घेतल्याच नाहीत, किंवा घेऊन ओकला. कदाचित औषध लागू पडले, पण जोडीदाराने उपचार घेतले नाहीत आणि त्याला तोच परमा पुन्हा झाला. माझ्या अंदाजाने हे सगळ्यांत जास्त घडते. कदाचित हा परमाच नसून मूत्रमार्गाची सूज आणणारा दुसराच जंतू आहे, आणि तसे जंतू बरेच आहेत. आणि कदाचित सेफिक्झिम खरोखरच चालली नाही. या चारही शक्यता समोरून हुबेहूब सारख्या दिसतात. वेगळ्या करायच्या तर पू घेऊन जंतू वाढवावा लागतो आणि त्याच्यावर औषध लावून बघावे लागते. ते होत नाही म्हणून डॉक्टर सेफ्ट्रिॲक्सोन टोचतो, रुग्ण बरा होतो, आणि चौथी शक्यता होती की नव्हती हे कुणालाच कधी कळत नाही. ज्या बातमीची आपल्याला सगळ्यांत जास्त गरज आहे, ती दर वेळी इंजेक्शनच्या सुईखाली गाडली जाते.

किटमध्ये दोन औषधे असण्याचाही एक तोटा आहे. एक लंगडे झाले तरी दुसरे काही काळ ओझे ओढते आणि वरवर सगळे ठीक चालल्याचे दिसते. दोन्ही बसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

बायकांचे दुखणे तर याहून झाकलेले. परमा झालेल्या निम्म्याहून अधिक बायकांना काही लक्षणच नसते. ज्यांना असते त्या 'अंगावरून पांढरे जाते' म्हणून येतात, आणि पांढरे जाण्याची कारणे डझनभर. परमा आतल्या आत गर्भाशयात, गर्भनलिकांत चढतो. पुढे ओटीपोट दुखत राहते, गर्भ नळीतच राहतो, किंवा दिवसच जात नाहीत. मग मूल होत नाही म्हणून तिची सोनोग्राफी, तिचे उपासतापास, तिला माहेरी पाठवण्याची भाषा. आणि ज्याने रोग घरी आणला त्याच्या लघवीच्या जळजळीला तीन वर्षे होऊन गेलेली असतात. बाळंतपणात हा जंतू बाळाच्या डोळ्यांत गेला आणि वेळीच लक्ष दिले नाही तर दृष्टी जाते. औषध निकामी होण्याची किंमत माझ्यासमोर बसलेल्या पोरापेक्षा या दोघांना जास्त मोजावी लागते. ते माझ्याकडे येतही नाहीत.

मेडिकलवाल्यांबद्दलही दोन शब्द. सेफिक्झिम-ऑफ्लॉक्सासिनची जोडपट्टी आपल्याकडे चहाच्या टपरीवर बिस्कीट मिळावे तशी मिळते. ऑफ्लॉक्सासिन हे सिप्रोफ्लॉक्सासिनचेच भावंड, म्हणजे परम्यापुरते पट्टीतले एक औषध जवळपास कागदावरच. दुसरे २०० मिलिग्रॅमच्या हप्त्यात दोन दिवस घेतले की पू थांबतो, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी कपाटात जातात. सेफिक्झिम शेड्यूल एच-१ मध्ये आहे. २०१४ पासून तिच्या प्रत्येक विक्रीची, डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासह, वेगळ्या रजिस्टरात नोंद ठेवणे बंधनकारक आहे. ती रजिस्टरे कोण कधी उघडून बघतो, हे अन्न व औषध प्रशासनाला विचारण्यासारखे आहे, पण हे पत्र त्यांना नाही.

माझी मागणी एका ठिकाणाची आहे. तिन्ही जिल्ह्यांसाठी मिळून एक निरीक्षण केंद्र. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालय मधोमध पडते, तिथे सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे, म्हणून मी धुळे सुचवतो. जळगावकरांनी पुढाकार घेतला तरी माझी हरकत नाही. अमेरिकेने १९८६ पासून हेच केले. ठरावीक शहरांतल्या क्लिनिकमधून दर महिन्याला मूत्रमार्गातून पू येणाऱ्या पहिल्या २५ पुरुषांचे नमुने घेतले आणि त्यांवर औषधे लावून पाहिली. त्याच आकड्यांवरून तिथले उपचार बदलत गेले. आपल्याकडे एका क्लिनिकला महिन्याला पंचवीस मिळणार नाहीत. म्हणूनच जिल्हे एकत्र करायला हवेत. वीस नमुन्यांत एक निकामी निघाला तर पाच टक्के म्हणायचे की योगायोग? शंभरात पाच निघाले तरी खरे प्रमाण साधारण दोनपासून अकरापर्यंत कुठेही असू शकते. प्रत्येक जिल्ह्याने आपापले पंधरा-वीस नमुने सांभाळत बसण्यात म्हणूनच काही हशील नाही.

खर्चाचे कारण पुढे येईल, म्हणून प्रयोगशाळेचे थोडे सविस्तर लिहितो. पुरुषाच्या पुवाची ग्रॅम स्टेनची काच, म्हणजे रंग लावून मायक्रोस्कोपखाली बघायची तपासणी, कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात करता येते. पेशींच्या आत जोडीजोडीने बसलेले लाल दाणे दिसले की परमा, आणि लक्षणे असलेल्या पुरुषात ही तपासणी क्वचितच चुकते. पुढचा टप्पा चॉकलेट अगरची प्लेट. (चॉकलेट त्यात नसते, तापवलेल्या रक्ताने तिला तो रंग येतो.) इतर जंतू वाढू नयेत म्हणून तिच्यात काही प्रतिजैविके घातली की ती थायर-मार्टिन होते. परम्याला वाढायला पाच टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. त्याचे महागडे इन्क्युबेटर नसेल तर घट्ट झाकणाच्या बरणीत मेणबत्ती पेटवून झाकण लावायचे. मेणबत्ती विझते तोवर आत लागते तेवढा वायू तयार झालेला असतो. ३५-३६ अंशांवर एक-दोन दिवसांत जंतू उगवतो. मग औषधाची चढत्या मात्रेची पट्टी प्लेटवर ठेवायची आणि कुठल्या मात्रेला वाढ थांबली तो आकडा वाचायचा. ही पट्टी महाग आहे हे कबूल, पण वर्षाला शे-दीडशे जंतूंचा प्रश्न आहे. पीसीआरची यंत्रे आता तालुक्याला पोहोचली आहेत, त्यांवर का करू नये, असे कुणी विचारेल. नेहमीचा पीसीआर जंतू आहे की नाही ते सांगतो. तो कोणत्या औषधाने मरेल ते सांगत नाही. त्यासाठी जिवंत जंतूच हवा.

आणि जिवंत जंतू धुळ्यापर्यंत पोहोचवणे हीच खरी अडचण आहे. हा जंतू कोरडेपणाने मरतो, थंडीने मरतो. नमुना म्हटला की आपल्या लोकांचा हात सवयीने लसीच्या कॅरियरकडे आणि बर्फाच्या पॅककडे जातो. परम्याचा स्वॅब बर्फात ठेवला की तो गेलाच. उलट मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना एसटीच्या पार्सलमध्ये टाकला तर उकडून मरेल. कोळशाचा ट्रान्स्पोर्ट मीडियम (वाटेत जंतू जिवंत ठेवणारे माध्यम), बर्फ न घातलेला कॅरियर, सावली, आणि चोवीस तासांच्या आत प्लेटवर. क्षयरोगाचे नमुने वाहून नेणारी माणसे आज गावोगाव फिरतातच. त्यांनाच हे शिकवता येईल. धडगाव-मोलगीच्या घाटातून हे जमणार नसेल तर तिथे नंदुरबारच्या महाविद्यालयातच प्लेट लावून उगवलेला जंतू पुढे पाठवावा. संशयास्पद जंतू उणे सत्तर अंशांना गोठवून दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातल्या प्रयोगशाळेकडे खात्रीसाठी पाठवता येतील. आग्नेय आशियासाठी परम्याच्या या कामाची ती संदर्भ प्रयोगशाळा आहे.

कोणाचे नमुने घ्यायचे याबद्दल माझे स्पष्ट मत आहे. आधी कुठलेही प्रतिजैविक न घेतलेल्या रुग्णांचे नियमित, आणि किट घेऊनही परत आलेल्यांचे न चुकता. दुसऱ्या गटाची सरासरीत भेसळ करू नये, त्यांची यादी वेगळी ठेवावी. अर्जावर वय, लिंग, जिल्हा, आधी काय औषध घेतले आणि मागच्या दोन महिन्यांत बाहेरगावी राहिला होता का, एवढेच असावे. नावाऐवजी नंबर. जात-जमातीचा आणि धंद्याचा रकाना नको. 'अमुक समाजात निकामी परमा' असा मथळा एकदा छापून आला की त्या समाजाचा एकही माणूस पुन्हा आपल्या क्लिनिकची पायरी चढणार नाही, आणि मग मोजायला काही उरणार नाही. समुपदेशकांना अहिराणी येतेच. पावरी आणि भिलोरी बोलणारे माणूस अक्कलकुवा-धडगावला असलेच पाहिजे. मराठीत 'लैंगिक संबंध' असा प्रश्न विचारून तिथे उत्तर मिळत नाही.

रुग्ण सरकारी क्लिनिकमध्ये येतच नाहीत, असे आपण म्हणाल. खरे आहे. रेल्वेमार्गाच्या कडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' रंगवलेले असते, बरेच जण तिकडे जातात. उरलेले आमच्यासारख्या खासगी डॉक्टरांकडे. म्हणून आम्हाला यात घ्या. स्वॅब आम्ही घेऊ, वाहतुकीच्या ठिकाणापर्यंत पोहोचवू. आमची अट एकच, रिपोर्ट परत आला पाहिजे. नमुना गेला आणि काही कळलेच नाही, असे दोनदा झाले की तिसरा स्वॅब कुणी पाठवत नाही. दर सहा महिन्यांनी एक पानाचा तक्ता काढा: किती जंतू तपासले, कोणत्या औषधाला किती निकामी. तो आयएमएच्या शाखांना, बीएएमएस-बीएचएमएस डॉक्टरांच्या संघटनांना आणि औषध विक्रेत्यांच्या संघटनेलाही मराठीत पाठवा. पाच टक्क्यांची रेषा ओलांडली गेली तर करडे किट बदलण्याची शिफारस नाकोकडे (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेकडे) आपण करायची आहे, आणि ती करायला हातात इथलाच कागद असला पाहिजे. परम्यासाठी नवी औषधे येत आहेत. झोलिफ्लोडासिन आणि जेपोटिडासिन मोठ्या चाचण्यांतून पार पडली आहेत. ती आपल्याकडे येतील तेव्हा कुणाला द्यायची आणि कुणासाठी राखून ठेवायची, हेही याच तक्त्यावरून ठरेल. तक्ता नसेल तर पहिल्याच वर्षी ती मेडिकलच्या फळीवर सेफिक्झिमशेजारी जाऊन बसतील.

सातपुड्यातली माणसे होळीला परततात. पहिल्या प्लेट त्याआधी लागल्या तर परतण्याआधीचा आणि परतल्यानंतरचा परमा वेगवेगळा पाहता येईल. एक हंगाम चुकला की वर्ष जाते. म्हणून दिवाळीपूर्वी तिन्ही महाविद्यालयांचे सूक्ष्मजीवशास्त्र विभागप्रमुख, जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकांचे अधिकारी आणि चार-सहा खासगी डॉक्टर यांची एक बैठक बोलवावी. शुक्रवारी आमच्या गावचा आठवडे बाजार असतो. तो वार सोडून कधीही ठेवा, मी धुळ्याला येईन.

आपला,
एक त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ,
जिल्हा जळगाव